दिलेला आवाज

बोरगावच्या शाळेत मी मराठी शिकवते. वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलते आणि घरी आले की आईसारखं. आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आप्पा तिथंच हमाली करायचे. थोरला भाऊ अण्णा शिकून बेळगावात इंजिनिअर झाला, मी शिक्षिका झाले, तेव्हा आईनं वखार सोडली. इतकी वर्षं तंबाखूच्या धुळीत काढल्यानं तिचा आवाज घोगरा झाला होता, तो तसाच राहिला.

कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात असलेला निपाणीचा एक जण पुण्याला जाऊन सिनेमा शिकून आला आणि त्यानं वखारीत काम करणाऱ्या बाईवर सिनेमा केला. नायिका पुण्याची होती. शूटिंग संपल्यावर तो एकदा शाळेत मला भेटायला आला.

"आक्का, चित्र झकास झालंय," तो म्हणाला. "पण पोरीनं तोंड उघडलं की पुणं दिसतंय. तू तिला आवाज देशील काय?"

मी हसले. मला नाटकाचाही अनुभव नव्हता. पण कॉलेजच्या गॅदरिंगला मी आईची नक्कल केलेली त्यानं पाहिली होती. सुट्टी तोंडावर आली होती, म्हणून हो म्हटलं.

बेळगावच्या कॅम्पात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. एरवी तिथं देवीची गाणी, चर्चची भजनं आणि निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या. समोर पडदा, कानाला हेडफोन, हातात संवादाचे कागद. पहिला दिवस वाया गेला. पडद्यावरची बाई तंबाखू चाळत मुकादमाशी भांडत होती आणि मी धडा वाचल्यासारखी बोलत होते. शेवटी रेकॉर्डिंग करणारा काचेपलीकडून म्हणाला, "बाई, वाचू नका. भांडा."

दुसऱ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला. आई मुकादमाशी कशी बोलली असती ते मनात आणलं आणि बोलले. तो आवाज माझ्या गळ्यातून आला खरा, पण होता ओळखीच्या दुसऱ्याच कुणाचा तरी. काचेपलीकडच्या माणसानं अंगठा उंचावून जमलं अशी खूण केली.

त्या आठवड्यात मी त्या नायिकेचा चेहरा जितका पाहिला तितका स्वतःचाही पाहिला नसेल. तिचे ओठ कधी उघडतात, श्वास कुठं घेते, बोलण्याआधी आवंढा कसा गिळते, हे सगळं पाठ झालं. तिनं काम चोख केलं होतं. पदर नाकावर ओढून ती तंबाखू चाळायची ते पाहून वाटलं, ही वखारीत बसून शिकली असणार. पुढं कळलं की खरंच बसली होती. आम्ही मात्र एकदाही भेटलो नव्हतो.

सिनेमा निपाणीत लागला तेव्हा आईला घेऊन गेले. शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव बारीक अक्षरात होतं. अर्ध्यावर आईनं माझा हात धरला. म्हणाली, "ही माज्यागत बोलतीया."

"मीच बोलतीया आई."

"व्हय. पर माज्यागत."

पुढं बेळगावच्या एका संस्थेच्या चित्रपट पुरस्कारांत या सिनेमाला नामांकन मिळालं. दिग्दर्शकानं मला आणि आईला बोलावलं. आईनं विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसली. नाट्यगृह भरलेलं होतं. निवेदिका एक वाक्य कन्नडमध्ये आणि एक मराठीत बोलत होती. आम्ही मधल्या रांगेत बसलो.

उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून आमच्या नायिकेचं नाव पुकारलं तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोल्हापूरकडचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मानपत्र वाचलं. त्यात डोळ्यांबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळं बोलण्याबद्दल. मातीतला आवाज, वखारीच्या धुळीचा खरखरीतपणा, सीमाभागाच्या बोलीचा अस्सल हेल. मला कानकोंडं झालं. आई खुशीत माझ्याकडे बघत होती.

नायिकेनं सन्मानचिन्ह घेतलं. मानपत्र ऐकताना तिचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. त्या चेहऱ्याची मला सवय होती. बोलण्याआधी तिनं आवंढा गिळला तो मला लांबूनही कळला.

"मनापासून आभार," ती म्हणाली. "पण जे वाचलं गेलं ते माझं नाही. अभिनय मी केलाय. आवाज बोरगावच्या एका शिक्षिकेचा आहे. त्या इथंच बसल्यात. त्यांना वर बोलवावं अशी विनंती आहे."

आधी टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतून दुसऱ्या एका सिनेमाचा निर्माता उठला आणि म्हणाला, "नियमात स्वतःचा आवाज पाहिजे असं लिहिलंय. मग हा पुरस्कार कसा काय?"

असा काही नियम आहे हे मला माहीत नव्हतं. मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. तो मान खाली घालून मोबाइल बघत होता.

गोंधळ सुरू झाला. अध्यक्ष आणि इतर परीक्षक रंगमंचाच्या कडेला जाऊन कुजबुजू लागले. निवेदिकेनं एक विनोद केला, तो कुणी ऐकला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाजालाच द्या की बक्षीस!" अध्यक्ष माइकजवळ आले. तसा पुरस्कार नाही, म्हणाले. निर्णय राखून ठेवत आहोत, म्हणाले. नायिकेनं सन्मानचिन्ह गुपचूप टेबलावर ठेवलं. ती खाली उतरायला लागली तेवढ्यात बाल्कनीतून एक आवाज आला, "पुण्याच्या बाईनं आमच्या बाईचा आवाज चोरला!"

ते सभागृहाला आवडलं. शिट्ट्या वाजल्या. तेच वाक्य दोन-तीन ठिकाणांहून पुन्हा आलं. ती पायरीवरच थांबली. खाली यावं की वर जावं हे तिला कळेना.

आईनं मला कोपरानं ढोसलं. "ऊठ. त्या पोरीनं खरं सांगितलं आन् तिलाच चोर म्हणायलेत. सांग की."

मी उठले. शाळेत रोज पोरांपुढं बोलते, पण वर्गातली भाषा ऐनवेळी सुचलीच नाही.

"चोरला न्हाय!" मी म्हणाले. माइक नव्हता म्हणून ओरडूनच म्हणाले. "मी दिलाय. माज्या खुशीनं दिलाय. तिनं काय बी लपवलं न्हाय. तिला चोर म्हणू नगासा."

शिट्ट्या थांबल्या. सिनेमात दोन तास जो आवाज त्यांनी ऐकला होता तोच आवाज मधल्या रांगेतून आला होता. कुणीतरी "अरे, हीच ती" असं म्हणालं. मग टाळ्या सुरू झाल्या, पण मला त्या नको होत्या. मी खाली बसले. आई ताठ बसून होती.

त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार कुणालाच मिळाला नाही.

कार्यक्रम संपल्यावर नायिका आम्हाला शोधत बाहेर आली. ती पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली आणि मला विचित्र वाटलं. तिचा चेहरा मला तोंडपाठ होता, पण तिचा खरा आवाज मी प्रथमच जवळून ऐकत होते. तो बारीक आणि गोड होता.

"ताई, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला," ती म्हणाली.

"तुमचं बक्षीस गेलं की."

"गेलं. रडू येतंय खरं सांगायचं तर." आणि ती खरंच रडली. आईनं तिला जवळ घेतलं. नियम असल्याचं तिलाही माहीत नव्हतं. दिग्दर्शक तोवर गाडीत बसून निघून गेला होता.

माझा ओरडतानाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर घेतला होता, तो निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरला. पुण्याची विरुद्ध सीमाभागाची असं भांडण लोकांनी त्यावर लावलं. बाजारात अनोळखी माणसं थांबवून म्हणायची, "बाई, बरं ठणकावलंसा." मी कुणाला ठणकावलं नव्हतं, हे सांगून सांगून दमले. शाळेत पोरं म्हणायची, "मॅडम, त्या आवाजात कविता म्हणा." एकदा म्हटली. वर्ग खूश झाला. मला मात्र आईला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा म्हटली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत नायिका आमच्या घरी राहायला आली. तिला बोली शिकायची होती. मी शिकवेन असं मला वाटलं होतं, पण ती दिवसभर आईच्या मागं असायची. दोघी भाकरी थापत, भांडी घासत बोलायच्या. आई तिला सुधारत नसे. तिचं बोलणं चुकलं की आई फक्त हसायची आणि ती पुन्हा बोलायची. जाताना तिनं आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं आईला "येतो गं आई, लई दिस राहिलो" असं म्हटलं. हेल अजून जरा पुण्याकडंच झुकत होता. आई म्हणाली, "जमंल."

पुढच्या सिनेमात ती स्वतःच्या आवाजात बोलली. आवाज बारीकच राहिला, पण बोलणं तिचं होतं. मला बरं वाटलं आणि थोडं रितंही वाटलं.

दिग्दर्शक बऱ्याच महिन्यांनी निपाणीच्या स्टँडवर भेटला. टाळता येईना म्हणून चहा प्यायलो.

"नियम मला ठाऊक होता, आक्का," तो म्हणाला. "कोण विचारतंय, असं वाटलं."

"तिला तरी सांगायचं हुतं."

"व्हय." त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "नवीन सिनेमा करतोय. म्हातारीचं काम आहे. आईंचाच आवाज मिळंल काय?"

मी घरी येऊन आईला विचारलं. ती निवडत असलेल्या भाजीतून मान वर न करता म्हणाली, "नाव म्होरं घालतोस का इच्यार त्याला. आन् मोठ्या अक्षरात."

तो कबूल झालाय. सिनेमा अजून कुठंतरी अडकून आहे. आई अधूनमधून विचारते, "त्या पोराचा फोन आल्ता काय गं?"