सुमंत पाळकांची दुसरी दीक्षा

"नुसती प्रार्थना आहे म्हणे! नुसत्या प्रार्थनेला डोक्यावर हात कशाला लागतो?" अहल्येने प्रभुभोजनाचा इवलासा पेला असा खसखसून विसळला, की तो फुटायचाच बाकी होता.

"पेल्यांवर राग काढू नकोस," सुमंत म्हणाले.

"मग कुणावर काढू? बिशप रविवारी येतायत, त्यांच्यावर काढते."

बंगळुरातल्या येलहंक्याच्या त्या छोट्या मराठी मंडळीचे सुमंत पंचवीसेक वर्षं पाळक होते. मंडळी प्रेस्बिटेरियन, कोल्हापूरकडून नोकरीला आलेल्या कुटुंबांची. तिला बिशप ठाऊक नव्हता; सगळा कारभार मंडळीने आपल्यातूनच निवडलेल्या कारभाऱ्यांचा, त्यांना 'वडील' म्हणत. अहल्येचा बाप कारखान्यात फिटर होता, आणि मंडळीत वडील. रविवारी त्याचेच तेलकट, कितीही धुतले तरी काळे हात भाकरीचं तबक बाकाबाकांवरून फिरवायचे. तो गेल्यावर त्याच्या जागी मंडळीने अहल्येला वडील म्हणून निवडलं. पहिली बाई.

पण आता मोजकीच घरं उरली होती. तरुण पोरं इंग्रजी उपासनेला जात. म्हणून शहरातल्या मोठ्या, अँग्लिकन वळणाच्या, बिशप मानणाऱ्या मंडळीत सामील व्हायचा ठराव झाला. अहल्येनेही हात वर केला होता. अट नंतर कळली: बिशप पाळकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणणार, ह्याच्या सेवेत जे उणं असेल ते देव पुरं करो.

"उणं काय आहे तुमच्यात? पाळकपदाच्या दीक्षेच्या दिवशी माझ्या बापाचा हात होता तुमच्या डोक्यावर. सगळ्या वडिलांचे होते. ते काय डोकं चेपून द्यायला आले होते?"

कोरमंगल्याहून आलेली त्यांची मुलगी संहिता हसली. आई हसली नाही, तशी तीही थांबली. "मम्मी, बिशप स्वतःच म्हणालेत, ज्याने त्याने आपापला अर्थ लावावा. पप्पांसाठी ती प्रार्थना. त्यांच्यासाठी दीक्षा. संपलं."

"देवापुढे गुडघे टेकून दोन अर्थ? चिकपेटेच्या बाजारातलं दुकान आहे का ते, गिऱ्हाईक बघून भाव सांगायला?"

"मी नाही म्हटलं तर आपलं चर्च बंद पडेल, अहल्या," सुमंत हळूच म्हणाले. "आणि देखरेख करणारे, म्हणजे बिशपच, पवित्र शास्त्रातही आहेतच की."

"आहेत. पण तिथे ते आणि वडील वेगळे नाहीत. तुम्हीच शिकवलंत मला."

सुमंत विसळलेले पेले पुसून तबकात लावू लागले. अहल्या थांबली नाही.

"गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात आपल्या मंडळीतल्या नागोजींना प्रभुभोजन दिलंत. दुसऱ्या पहाटे ते वारले. त्यांना काय दिलंत तुम्ही? उणं होतं ते?"

"मम्मी, पुरे!" संहिता म्हणाली.

सुमंत उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटलं. बिशपशी फोनवरचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. आधी इंग्रजी, मग कानडी. "नाही, अय्या, रागाने नाही... हो, मंडळी येईल... मला वगळता येणार नाही?" मग बराच वेळ नुसतं ऐकणं. शेवटी, "सरी. सरी." बरं, बरं.

वाकले, अहल्येला वाटलं.

सुमंत बाहेर आले. "हात ठेवून घेतल्याशिवाय मला प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभं राहता येणार नाही, म्हणाले. चांगला माणूस आहे. त्यालाही वाईट वाटलं."

"मग?"

"मंडळी रविवारी सामील होईल. मी त्या हाताखाली डोकं देणार नाही. ते नवा पाळक पाठवतील."

"आणि तुम्ही?"

"मागच्या बाकावर बसेन."

"त्याच्या हातून भाकर घ्याल?"

"घेईन. त्यांच्या दीक्षेत मला काही उणं दिसत नाही."

अहल्या ओले हात तसेच धरून उभी राहिली. भांडण तीच जिंकली होती.

"हे घर पाळकाचं आहे," सुमंत म्हणाले. "महिनाअखेर सोडायचं. संहिता, भाड्याची दोन खोल्यांची जागा बघ. तळमजल्यावरची."