लंगडत आलेली गाडी

इंजनाचा आवाज ऐकून गाडीचा आजार सांगणारा आख्ख्या आंबेनळी घाटात माझ्यासारखा दुसरा नाय. घाटात गॅरेजच माझं एकट्याचं हाय, म्हणून. न जळलेल्या पेट्रोलचा वास आला की मला तो थंडीतला दिवस आठवतो. बायको जाऊन चार महिने झालेले, पोरगा दुबईला, आणि सकाळपासून एक गिऱ्हाईक नाय. तेवढ्यात पोलादपूरकडून लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या जुन्या गाड्या, शौकिनांनी हौसेनं फिरवायला काढलेल्या, तसाच पेट्रोलचा वास सोडत महाबळेश्वरला चढत आल्या. एक शिट्टीसारखी किंचाळत गेली. दुसरी मात्र गुडगुडत, लंगडत ठोके टाकत होती. मी लाल फडकं हलवून तिला थांबवली नि म्हटलं, "शेठ, एक सिलिंडर मेलाय." आतले टोपीवाले म्हातारे हसले. "अहो, हिला आठ सिलिंडर आहेत, चार इकडे, चार तिकडे. ठोके असेच वेडेवाकडे पडतात. पुढे गेली तिला बारा आहेत, म्हणून ती किंचाळते. त्या काळी शर्यतीत पळायचं सगळ्यांना चोवीस तास, पण इंजिन ज्याने त्याने आपल्या डोक्याने बनवलं." मला एकदा सांगितल्यावरच कळलं होतं, तरी मी तेच परत परत विचारत राहिलो. च्या घ्या म्हटलं, तर ते घड्याळ बघून निघाले. वळणापलीकडं आवाज विरेपर्यंत मी तिथंच उभा. अजूनपण घाटात वेगळा आवाज आला की मी फडकं घेऊन रस्त्यावर येतो. परवा समोरची भजीवाली ओरडली, "गाड्यांना कायबी होत नाय रे! घरात बोलायला कोणी नाय म्हणून तू लोकांची वाट अडवतोस."