कोणी, काय आणि का

फळा पुसायला कोणी डस्टर उचललं की काका आधी आपला पंजा फळ्यावर ठेवत. पंजाखाली कालची तारीख आणि कालच्या वेळा असत. मग शांतपणे म्हणत, "परवाचं पूस. कालचं ऱ्हाऊ दे."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचा हुद्दा शिपायाचा आणि ज्याला विचारल्याशिवाय साहेबांचं पानही हलत नाही. आमचं ऑफिस म्हणजे रत्नागिरीत खाडीकाठच्या दोन खोल्या. बाहेर जेटीकडे तोंड करून तो काळा फळा. खाडीच्या तोंडाशी रेतीचा उथळ पट्टा आहे. भरतीचं पाणी असतं तोवरच होडी त्यावरून समुद्रात जाते, उशीर केला की तळ रेतीला लागतो. म्हणून फळ्यावर रोज दोन गोष्टी लिहायच्या. भरती किती वाजता, आणि जेटीवरून निघायची शेवटची वेळ कोणती. हे काम ते बावीस वर्षं करत होते.

फळ्याला दोन रकाने होते, काल आणि आज. होड्या चालवणारे तांडेल यायचे ते आधी कालचा रकाना वाचायचे. काल पाणी कधी चढलं आणि कधी उतरलं हे त्यांनी समुद्रावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असे. ते फळ्याशी जुळलं तरच आजच्या रकान्याकडे बघायचे. मला हे तेव्हा मागासलेपणाचं लक्षण वाटलं होतं.

मी तेवीस वर्षांची होते आणि पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आले होते, म्हणजे माझ्या मते सर्वज्ञ होते. ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. ऑफिसात हिरव्या अक्षरांचा एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मी. मोठ्या बंदराच्या छापील पुस्तकातून भरतीच्या वेळा घ्यायच्या, आमच्या खाडीत पाणी उशिरा चढतं म्हणून त्यात चाळीस मिनिटं मिळवायची, त्यावरून निघायची शेवटची वेळ काढायची, आणि महिन्याभराचा तक्ता छापायचा, एवढा माझा प्रोग्राम. आता फळ्याची गरज नाही, असं साहेब म्हणाले. काकांनी माझा तक्ता फळ्याशेजारी खिळ्याला अडकवला आणि स्वतः खडूने लिहीत राहिले.

कॉम्प्युटरला ते "ती" म्हणत. "ती उठली काय गो?" असं सकाळी विचारायचे. मला "बाय" म्हणायचे आणि मी त्यांना काका.

माझा गोंधळ कुठे सुरू झाला ते सांगते. प्रोग्राम दुरुस्त करताना भीती वाटायची, म्हणून मी आधी त्याची एक प्रत काढून ठेवायचे. पहिली फाईल 'भरती'. मग 'भरती२'. मग 'नवी', 'नवी२', 'शेवट'. 'शेवट'नंतर मी 'शेवट२' केली, तेव्हाच कोणीतरी माझा कान धरायला हवा होता. सहा महिन्यांत फ्लॉपीवर अकरा फाइली झाल्या आणि त्यातली खरी कोणती हे मला रोज सकाळी नव्याने आठवावं लागे. एकीत दुरुस्ती होती, दुसरीत मथळा चांगला होता, तिसरीत दोन्ही असावं असं वाटायचं. विचारणार कोणाला? तालुक्यात हे कळणारी एकटी मीच, आणि मलाच कळत नव्हतं.

एकदा साहेबांनी तक्त्याचा मथळा मोठ्या अक्षरांत मागितला. मी चुकीची फाईल उघडली. त्या फाइलीत चाळीस मिनिटं एकदा ओळ दोनशे चाळीसवर मिळवली होती आणि पुन्हा एकदा ओळ तीनशे दहावर. मथळा फार सुरेख आला. साहेबांनी त्या दिवशी फळ्यावरही तक्त्यातलीच वेळ लिहायचा हुकूम सोडला, दोन ठिकाणी दोन वेळा नकोत म्हणून. काका म्हणाले, "चाळीस मिनटं जास्त दिसतायत." मी म्हणाले, "काका, मशीन चुकत नाही."

होड्या निघाल्या. जुन्या तांडेलांनी कालच्या रकान्यावरून अंदाज बांधला आणि लवकर गेले. सगळ्यात शेवटी निघालेली होडी रेतीला लागली. सुकाणू तुटलं, होडी कलंडली, लाटा वरून यायला लागल्या. तिच्यावर पाच माणसं होती आणि तिचा तांडेल काकांचा मुलगा होता.

लहान होड्या गेल्या आणि पाचही जणांना घेऊन आल्या. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मुलाचे पाय जेटीला लागेपर्यंत काका तिथे उभे होते. मी ऑफिसच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता हे येऊन माझ्या थोबाडीत देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

ते आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "कालचं कुठं हाय?"

"काय कालचं?"

"काल ती बरोबर सांगत होती. मग कालची ती कुठं हाय? आण बगू."

माझ्याकडे कालची ती नव्हती. अकरा फाइली होत्या आणि कालची कोणती हे मला माहीत नव्हतं. मी काय बदललं होतं तेही सांगता येईना. मी रडले, आणि खरं सांगते, रडताना अर्धी लाज होती आणि अर्धा नुसता गोंधळ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक वही आणली. बावीस वर्षांत खाडीची मिनिटं जेव्हा जेव्हा बदलली तेव्हाची नोंद तीत होती. जुना आकडा एका रेघेने खोडलेला पण वाचता येईल असा, शेजारी नवा आकडा, आणि पुढे कारण. 'तीसची पस्तीस, रेती दक्षिणेला सरकली.' 'पस्तीसची तीस, पुरात रेती वाहून गेली.' 'तीसची चाळीस, तीन तांडेल बोलले, मी स्वतः जाऊन बघितलं.' कुठेही गिचमीड नाही, कुठेही पान फाडलेलं नाही. मी ती वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली.

"आता तिला असं लिवायला शिकव," ते म्हणाले.

मी शिकवलं. बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत आम्ही काम करायचो, तिथेच एक छोटा प्रोग्राम लिहिला. भरतीचा प्रोग्राम उघडायचा तर ह्याच्यामार्फतच उघडायचा. काम संपलं की हा आधीची प्रत जशीच्या तशी दुसऱ्या फ्लॉपीवर ठेवणार, नव्या प्रतीला पुढचा नंबर देणार आणि विचारणार. मी दोन प्रश्न घातले होते, कोणी बदललं आणि काय बदललं. काका एकेक अक्षर लावत वाचून म्हणाले, "आणि का?"

"काका, का कशाला? काय बदललं ते कळलं की झालं."

"का नाय तर मग काय उपेग? उद्या तूच इचारशील, ही चाळीस मिनटं हितं कुणी आणून टाकलान?"

म्हणून तिसरा प्रश्न आला. उत्तर रिकामं सोडलं तर यंत्र पुढे जाणार नाही अशी सोयही केली. आता कॉलेजातल्या पोरांना हे शिकवतात, व्हर्जन कंट्रोल असं भारदस्त नाव आहे त्याला. आम्हाला नाव माहीत नव्हतं. आम्ही त्याला 'काकांची वही' म्हणत होतो.

फ्लॉप्या सांभाळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आमच्याकडच्या दमटपणात फ्लॉपीलाही बुरशी येते. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि डबा कपाटात वरच्या फळीवर. एकदा मी त्यांना पाचव्या नंबरची प्रत चालवून दाखवली. दोन महिन्यांपूर्वीचा तक्ता चुकांसकट छापून आला. ते मोठ्याने हसले. "गेलेला दिवस परत आणलास गो!"

कारणांच्या बाबतीत मात्र ते सासूसारखे होते. सातव्या नंबरला मथळा बदलून मी कारण लिहिलं, साहेबांनी सांगितलं म्हणून. "ह्ये कारण न्हाय," काका म्हणाले. "साहेबांनी का सांगितलान?" मी निमूटपणे आत जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, चांगलं दिसतं. तसंच लिहिलं. पुढे ते साहेबांच्या वाचनात आलं आणि आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

काकांना यातलं खरंच किती कळायचं? मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. एका बोटाने टाइप करायचे, फ्लॉपी उलटी घालायचे, आणि मध्येच असा प्रश्न टाकायचे की मला दोन दिवस झोप नाही.

आणि मग तेवीस नंबर.

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. गणपतीची सुट्टी संपवून मी आले आणि पाहिलं तर एक नवा नंबर पडलेला. कोणी बदललं? काकांनी. काय बदललं? निघायची शेवटची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घेतली. का बदललं? तिथे एक टिंब.

नुसतं टिंब. रिकामं चालत नाही म्हणून टिंब दिलं होतं.

मला खरोखर राग आला. "काका, हे काय? मला प्रत्येक स्वल्पविरामाचं कारण विचारता आणि स्वतः?"

"ऱ्हाऊ दे."

"पण का? रेती सरकली का?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणाचं वायट तर होत न्हाय ना? मग ऱ्हाऊ दे, बाय."

मी मनात आणलं असतं तर बावीस नंबर परत आणता आला असता, त्यासाठीच तर सगळा खटाटोप. पण हात धजेना. काकांना काहीतरी माहीत असणार. मी ओहोटीला लहान होडीतून जाऊन बांबूने पाणी मोजलं, रेती होती तिथेच होती. छापील पुस्तक तपासलं. त्यांच्या वहीत पाहिलं, तिथेही शेवटची नोंद जुनीच. अमावास्या-पौर्णिमेचा काही संबंध असेल म्हणून पंचांग घेऊन बसले. एकदा तर वाटलं की म्हातारपणी डोकं चालेनासं झालं असेल, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचाच संताप आला.

ते निवृत्त झाले. पुढच्या पावसाळ्यानंतर छातीच्या दुखण्याने गेले. फळा तसाच राहिला, त्यावर आता मी लिहू लागले. काल आणि आज.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांकडे तांडेलांनी तक्रार केली की शेवटची वेळ उगाच लवकर लावलीय, पाणी असतं तरी थांबून राहावं लागतं. साहेबांनी मला बोलावलं. "ही पंधरा मिनिटं कशासाठी?" मी सांगितलं, माहीत नाही. "मग काढून टाका." त्यांचं बरोबर होतं. पण मी एकदा 'मशीन चुकत नाही' म्हणून पाच माणसं रेतीवर घातली होती. कारण न कळता काही काढायची माझी छाती नव्हती. मी एक दिवस मागून घेतला आणि जेटीवर गेले.

काकांचा मुलगा जाळ्याची दोरी गुंडाळत होता. मी त्याला सरळ विचारलं, "तुझ्या बाबांनी पंधरा मिनिटं अलीकडे घेतली होती. रेतीचं काही बोलले होते का घरी?"

तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "रेतीचं नाय ताई. ती माझ्यासाठी होती."

"म्हणजे?"

"मी कदी येळेवर निगालो नाय. सगळ्यांच्या मागनं माझी होडी. तेव्हा रेतीला लागली ती पण मीच शेवटी होतो ना? मग बाबांनी घरातलं घड्याळ पंधरा मिनटं पुढं करून ठेवलान. महिन्याभरात मला कळलं. कळल्यावर मी परत पंधरा मिनटं उशिरा. मग त्यांनी तुमचा तक्ताच अलीकडं घेतलान."

एका आळशी पोरासाठी त्यांनी सगळ्या बंदराला लवकर निघायला लावलं होतं. आणि कारणाच्या जागी लिहिणार काय? जन्मभर दुसऱ्याकडे कारण मागणाऱ्या माणसाला एवढं एक कारण लिहायची लाज वाटली होती.

"तुला कधी कळलं हे?"

"आजारात त्यांनीच सांगितलान. म्हणाले, बाय रागावलीय माझ्यावर, तिला मी गेल्यावर सांग. मला काय धीर झाला नाय तुमच्याकडं यायचा."

दोरी गुंडाळून त्याने होडीत टाकली. "काढा ती पंधरा मिनटं, ताई. आता लागत नाय."

"का?"

"आता मी येळेवर निगतो."

"कधीपासून?"

"ते गेल्यापासनं," तो म्हणाला आणि होडी ढकलायला खाली उतरला. मी घड्याळात पाहिलं. शेवटच्या वेळेला अजून अर्धा तास होता.

ऑफिसात येऊन मी कपाटातून डबा काढला, फ्लॉपी घातली आणि पंधरा मिनिटं काढून टाकली. यंत्राने विचारलं, कोणी बदललं? मी माझं नाव दिलं. काय बदललं? शेवटची वेळ पूर्ववत केली. का बदललं?

पडद्यावरची अक्षरं मला नीट दिसत नव्हती. डोळे पुसून मी लिहिलं, मुलगा आता वेळेवर निघतो.