वापरतंय का कोणी?

सांगवीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका माणसाचा डावा पाय कधी थांबत नाही. बसला की गुडघा हलतो, उभा राहिला की टाच. कुणीही फुकट वापरावं अशा एका सॉफ्टवेअरचं काम तो हौसेनं करतो. डाउनलोडच्या सर्व्हरवर साठलेल्या जुन्या आवृत्त्या काढून टाकणं त्याच्याकडे आहे.

"जुनं तिथंच ठेवलं की लोक चुकून तेच उतरवून घेतात, राव!" काढण्याआधी तो सगळ्यांना एकच विचारतो, "वापरतंय का कोणी?" उत्तर आलं नाही की उडवलं.

हल्ली सोसायटीतही तो हेच विचारत फिरतो. पार्किंगमधल्या गंजक्या सायकली गेल्या, फुटक्या कुंड्या गेल्या. त्याचं म्हणणं मला पटतं, तरी तो जिना उतरताना दिसला की धास्ती वाटते.

रविवारी त्यानं गेटजवळची मोडकी खुर्ची उचलली. "वापरतंय का कोणी?"

चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले माझे बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी खुर्ची त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मी आहे की अजून."

त्याचा पाय थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.