शेजारच्या सीटचे वजन

या दशकाच्या आरंभी मी पुण्याहून सिंगापूरला येऊन रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत रुजू झाले. माझे वरिष्ठ श्री. भालचंद्र ओगले यांनी माझा पहिलाच अहवाल परत केला. त्यात मी एके ठिकाणी ‘अंदाजे’ लिहिले होते. “हा शब्द भाजीत मीठ घालताना वापरा,” ते म्हणाले. मला रडू आले, आणि खरे सांगायचे तर रागही आला. त्याच संध्याकाळी ते व सुनीतावहिनी चोआ चू कांगहून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पासिर रिसला, माझ्या रिकाम्या फ्लॅटवर आले. वहिनींनी डबा आणला होता आणि साहेबांनी माझा भाडेकरार ओळ न ओळ वाचून दिला.

साहेबांच्या साठीनिमित्त त्यांच्या बँकेतल्या कामाबद्दल इतर सहकारी लिहितीलच. मी त्यांच्या गाडीबद्दल लिहिणार आहे, कारण साहेब मला खरे कळले ते तिथे.

गाडी जुनी, दोन दारांची, ब्रिटिश. आधीच्या मालकाने हौसेने सस्पेन्शन बदलून ती चांगलीच खाली बसवलेली. एका रविवारी एक्सप्रेसवेवर ती एकदम डावीकडे ओढली गेली. इजा कुणालाच झाली नाही, पण “या गाडीतून मी पुन्हा रस्त्यावर येणार नाही,” असे सांगूनच वहिनी खाली उतरल्या. साहेबांनी तिथल्या तिथे ठरवले की महिन्याभरात गाडी सरळ चालली नाही, तर विकून टाकायची. मला म्हणाले, “ती शेजारी बसणार नसेल, तर गाडी ठेवून करायचे काय?”

व्हील अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाके सरळ जुळवून घ्यायला, साहेब तीन गॅरेजांत गेले. प्रत्येक ठिकाणी मशीनमध्ये कंपनीचे मूळ आकडे, आणि ही गाडी त्या आकड्यांची राहिलीच नव्हती. तिन्हीकडे एकच नकार: “कॅनॉट लाह, अंकल. दिस कार नो नंबर.” साहेब खचले नाहीत. “नंबर नसेल तर काढू,” म्हणाले आणि त्यासाठी नवी वही सुरू केली. शेवटी मिस्टर लिम नावाचे एक वयस्कर मेकॅनिक तयार झाले. त्यांची पद्धत अशी, की गाडीत रोज जेवढी माणसे बसतात, तेवढे वजन ठेवूनच चाके जुळवायची.

ठरलेल्या शनिवारी वहीत आकडे टिपायला मी होते. साहेब स्टिअरिंगवर बसले. शेजारच्या सीटवर, वहिनींचे म्हणून त्यांनी सांगितलेल्या वजनाइतक्या, तांदळाच्या पिशव्या ठेवल्या. चाके जुळली, गाडी रस्त्यावर अगदी सरळ धावली. मग पिशव्या काढून मी बसले, कारण माझा बांधा वहिनींसारखाच. गाडी पुन्हा डावीकडे!

मिस्टर लिमनी तांदळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “युअर वाइफ वेट, यू शुअर ऑर नॉट?”

 साहेब हळूच म्हणाले, “लग्नाच्या वेळचे सांगितले. तिला वाईट वाटू नये म्हणून.”

“म्हणजे अंदाजे?” मी विचारले. पहिल्या अहवालाचा सूड मी असा उगवला. ते मनापासून हसले, आणि माझ्यासमोरच वहिनींना फोन लावला. “अगं, चूक माझी आहे. तुझे खरे वजन सांगतेस का?”

“फोनवर नाही सांगणार,” पलीकडून उत्तर आले. “येते मी.”

एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, वहिनी आल्या. पर्स मांडीवर घेऊन त्या तासभर त्या गाडीत बसून राहिल्या. “रस्त्यावर येणार नाही म्हटले होते. इथे कुठे रस्ता आहे?” मिस्टर लिमनी शेवटचा नट आवळला, “ओके अरेडी” म्हणत काम झाल्याचे सांगितले. साहेब उठून वहिनींच्या बाजूचे दार उघडायला गेले. वहिनी हलल्या नाहीत.

“आता उतरून पुन्हा कशाला चढू? चला.”

गाडी गॅरेजमधून निघाली ती नाकासमोर. गाडी दोघांचीच, मागे सीट नव्हतीच, त्यामुळे तांदूळ घेऊन मी बसने घरी आले. त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

ओगलेसाहेब, आपणांस भरपूर आयुष्य लाभो, हातपाय असेच खणखणीत राहोत. आणि आपल्या शेजारच्या सीटवर तांदूळ ठेवण्याची वेळ पुन्हा कधीही न येवो.