माहेरचं मडकं

लग्नात आईनं मला भांड्याकुंड्यांसोबत एक मडकं दिलं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत रुतवलेलं लहान मडकं आणि त्यात माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या. शाळेत असल्यापासून मला मधुमेह. इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय जगणंच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून घरात फ्रिज आल्यावरही मी वाळू भिजवायची सोडली नाही. आमचे हे हसायचे. वालूरला ह्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ह्यांचा सगळा भरवसा नव्या वाणावर आणि नव्या यंत्रावर.

मशीन ह्यांनीच आणवलं. दंडावरची चकती साखर मोजते आणि कमरेचं मशीन त्या हिशेबानं आपोआप इन्सुलिन सोडतं. जेवायच्या आधी मात्र त्याला सांगावं लागतं. मला ते काही पटेना. मी मुळातच संशयी, चांगल्या दुधातही बोट बुडवून बघणारी. आठवडाभर बोटाला सुई टोचून मी मशीनचे आकडे पडताळले. ते जुळले तेव्हा तर जास्तच संशय आला. त्यात माझी साखर ह्यांच्या मोबाईलवर दिसायला लागली. जरा आकडा चढला की दुकानातून फोन. घरात सासू नव्हती, ती कसर मशीननं भरून काढली.

गेल्या मे महिन्यात आम्हा शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला जुंपलं. रोज दिवसभर ऊन डोक्यावर. एका दुपारी घशाला कोरड पडली, मळमळायला लागलं. आकडा चढत होता, मशीन औषध सोडत होतं, तरी आकडा चढतच होता. फोन आलाच.

“काय खाल्लंस गं?”

“डब्यातली भाकर. मशीनला सांगूनच खाल्ली.”

“मग मशीन खोटं बोलायलंय व्हय?”

बोट टोचून पाहिलं. आकडा खरा होता. म्हणजे मशीन खरं आणि खोटी मी. जीव घाबरा झाला होता, पण त्याहून जास्त राग आला. रागातच कमरेच्या मशीनवर हात मारला, तर ते चांगलंच तापलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आतलं औषध रोजच्या उन्हानं निकामी झालं होतं. किती सोडलं एवढंच मशीनला कळत होतं. त्यात दम उरला नाही हे त्याला कुठून कळणार?

कसंबसं घर गाठलं. लाईट नव्हतीच. मडक्यातली बाटली हाताला गार लागली. आधी त्यातलं इन्सुलिन सुईनं टोचून घेतलं, मग मशीनमधलं औषध फेकून नवं भरलं. दुकान तसंच टाकून हे धावत आले, तोवर आकडा उतरायला लागला होता. ह्यांनी मडक्याकडे पाहिलं, तांब्या उचलला आणि वाळूवर पाणी ओतलं.

सर्वेक्षणाच्या शेवटच्या दिवशी एका घरी पोरीच्या निकालाचे पेढे होते. मी मशीनला न सांगता उचलले. थोड्या वेळानं फोन वाजला. मी भांडायच्या तयारीनंच घेतला.

“उनात हायेस का गं? सावलीला बस जरा.”

ह्यांनी माझ्यावर एवढा विश्वास पहिल्यांदाच टाकला होता. माझ्या तोंडात तिसरा पेढा होता. तो गिळून मी म्हणाले, “व्हय ना. लय ऊन हाय.”