पंचावन्न मीटरची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. जामखेडकडच्या आमच्या गावातून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिलाच. अकरावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं, आणि इथं पुस्तकापासून फळ्यापर्यंत सगळं इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात 'हेड ऑफ वॉटर' म्हणजे पाण्याचं डोकं असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. पाणी किती उंच चढवायचं ती उंची, हे कळायला पंधरा दिवस गेले.

अप्लाइड मेकॅनिक्सला घरी सोडवायला दहा गणितं असत. ती टर्मवर्कच्या वहीत उतरवायची आणि सरांची सही घ्यायची. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. माझी नऊ गणितं झाली होती. सातवं अडलं.

गणित दिसायला साधं होतं. एक पंप मिनिटाला तीनशे लिटर पाणी पंचावन्न मीटर खोल विहिरीतून वर काढतो. पंपाची कार्यक्षमता पन्नास टक्के. तर इंजिन किती हॉर्सपॉवरचं लागेल? पुस्तकाच्या शेवटी उत्तर होतं, दहा. माझं येत होतं सात पूर्णांक एक तृतीयांश.

मी ते किती वेळा केलं याची मोजदाद नाही. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. गुणिले पंचावन्न. भागिले साडेचार हजार, म्हणजे एका हॉर्सपॉवरचं मिनिटाचं काम. कार्यक्षमता निम्मी, म्हणून दुप्पट. सात पूर्णांक एक तृतीयांश. गुणाकार तपासला, भागाकार तपासला. लॉग टेबल चुकीच्या पानावर उघडतोय की काय म्हणून लॉग सोडून हातानं केलं. प्रश्नातला प्रत्येक इंग्रजी शब्द डिक्शनरीत पाहिला. माझ्या इंग्रजीतच कुठंतरी खोट असणार, अशी माझी खात्री होती. 'लिफ्ट्स' या शब्दापुढं सात अर्थ होते. सातही अर्थ घेऊन बघितले. उत्तर तेच.

वही सरांकडं नेली. त्यांनी शेवटची ओळ बघितली, पुस्तकाचं मागचं पान उलटलं आणि लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

"उत्तर जुळत नाही."

"सर, कुठं चुकतंय ते कळत नाही."

"ते तूच शोधायचंय. म्हणून तर घरी देतो."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "सातवं झालं का?" विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "वर्गात बाकी सगळ्यांचं आलंय."

ते खरं होतं आणि तेच मला जास्त लागत होतं. खोलीवरचा माझा जोडीदार कोपरगावचा. त्याची वही केव्हाच सही होऊन आली होती. शेवटी लाज सोडून त्याची वही मागितली. त्यानं सात पूर्णांक एक तृतीयांशपर्यंत माझ्यासारखंच केलं होतं. त्याखाली एक ओळ होती: पाइपमधल्या घर्षणामुळे होणारी घट धरून, दहा हॉर्सपॉवर.

"ही घट आली कुठून?" मी विचारलं. "गणितात पाइपचं नावसुद्धा नाही."

"उत्तर दहा यायला पाहिजे ना? मग जेवढी कमी पडते तेवढी घट."

"पण हे चूक आहे."

"सही झाली," तो म्हणाला आणि वही काढून घेतली.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. त्याला निदान आपण काय करतोय ते माहीत होतं. मला तेही माहीत नव्हतं.

शनिवारी एसटीनं गावी गेलो. आमच्या विहिरीचं पाणी आटलं होतं आणि माझा थोरला भाऊ ती खोल करत होता. सुरुंग लावून दगड फोडायचा आणि विहिरीच्या तोंडावर उभ्या केलेल्या यारीनं तो वर ओढायचा. मी काठावरच्या लिंबाखाली वही घेऊन बसलो. दुपारी जेवायला वर आलेला दादा शेजारी टेकला.

"काय एवढं डोकं धरून बसलायस?"

गणित त्याला काय सांगायचं, असं मनात आलं. पण सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"पंचावन्न मीटर म्हंजी किती परस?"

परस म्हणजे माणसाची उंची. आमच्याकडं विहिरी परसातच मोजत. मी हिशेब केला. "तीस होतील."

दादा जेवता जेवता थांबला. "तीस परस हीर कुनाची हाय? ही आपली आठ परस, तर खाली उतरताना पाय कापत्यात. पुस्तक लिवनारानं हीर बघितली न्हाई. पंचावन्न फूट म्हन, मग मी मानतो. तशा लई हायेत."

मी वही पुढं ओढली. मीटर जर मुळात फूट असतील, तर लिटर मुळात गॅलन असणार. पुस्तकावर 'नवी मेट्रिक आवृत्ती' असं छापलं होतं. कोणीतरी आकडे तसेच ठेवून फक्त शब्द बदलले होते, आणि मागचं उत्तर जुनंच राहिलं होतं. गॅलनचे दहा पौंड, तीनशे गॅलन म्हणजे तीन हजार पौंड. गुणिले पंचावन्न. भागिले तेहतीस हजार, हॉर्सपॉवरचा फूट-पौंडातला आकडा. पाच. दुप्पट, दहा.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण तो फार टिकला नाही. महिनाभर मी स्वतःला ढ समजत होतो, आणि छापलेलं चुकू शकतं हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

सोमवारी दोन्ही रीतींनी गणित स्वच्छ लिहून सरांकडं गेलो. त्यांनी या वेळी पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"भावानं, सर. तो विहीर खोदतोय."

"पुस्तक बोर्डानं लावलंय," ते म्हणाले. "तपासायला बाहेरचे परीक्षक येतात. ते मागचं पान बघणार. तुझा भाऊ येणार आहे का समजावून सांगायला?"

"पण सर, माझं बरोबर आहे ना?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "दहा लिहून आण. आत्ता सही देतो."

मी व्हरांड्यात आलो. नऊ गणितं, सगळी परीक्षा, आणि मला शिकायला पाठवून एकटाच विहिरीत उतरणारा दादा. मी ते पान फाडलं. नवीन पानावर गणित लिहिलं आणि शेवटी जोडीदाराची ओळ जशीच्या तशी उतरवली. सरांनी न बघता सही केली.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा दादानं काठावरूनच विचारलं, "मास्तर काय म्हनले रं?"

"बरोबर म्हणाले."

"म्हनले ना?" तो इतका खूश झाला की त्यानं यारीवरच्या दोघांना हाक मारून सगळी हकिकत सांगितली. मी पिशवी उचलली आणि घरात गेलो.